धमन्या मोकळ्या, तरी छाती का भरून येते?

"ताई, अँजिओग्राफीत ब्लॉकेज नाही म्हणतात. मग हे दुखणे माझ्या मनाचे आहे का?" लालबागच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या 58 वर्षांच्या बाईंनी बसताच विचारले. सोबतच्या मुलाच्या चेहऱ्यावरून घरात त्याचे उत्तर 'हो' असेच ठरलेले दिसत होते. जिना चढताना त्यांची छाती आवळून येई आणि थांबले की पाचेक मिनिटांत मोकळी होई. रिपोर्ट चांगला आला म्हणून त्यांनी रक्तदाबाची गोळीही परस्पर बंद केली होती.

फाइलमधल्या टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, मात्र हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत 14 मिलिमीटर जाड नोंदवलेली होती. स्त्रियांमध्ये ती साधारणपणे 9 मिलिमीटरपर्यंत असते. वाढलेल्या दाबाविरुद्ध वर्षानुवर्षे रक्त ढकलून तो स्नायू जाड झाला होता.

मी त्यांना चाळीच्या नळाचेच उदाहरण दिले. या कप्प्याच्या स्नायूला स्वतःसाठी लागणारे रक्त मुख्यतः तो सैल पडतो तेव्हा मिळते, कारण आकुंचनात त्याच्या आतल्या वाहिन्या दाबल्या जातात. म्हणजे पाण्याची वेळ ठरलेली. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या त्याच्या पृष्ठभागावरून आत शिरतात, त्यामुळे स्नायूचा सर्वांत आतला थर हा त्यांचा वरचा मजला, आणि टंचाई पहिल्यांदा तिथेच जाणवते. जिना चढताना ठोके वाढले की ही वेळ आखूड होते, आणि नेमके तेव्हाच जाड स्नायूला रक्त जास्त हवे असते, पण त्याच्या केशवाहिन्या जाडीच्या प्रमाणात वाढलेल्या नसतात. हृदय विश्रांतीतही रक्तातला सुमारे 70 टक्के प्राणवायू काढून घेत असल्याने जादा गरज रक्तप्रवाह वाढवूनच भागवावी लागते. निरोगी हृदयात तो तीन-चार पट वाढू शकतो, जाड झालेल्या हृदयात ही राखीव ताकद घटते. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात, या सूक्ष्म वाहिन्या दिसत नाहीत.

"म्हणजे आईला खरेच दुखत होते," मुलगा हळूच म्हणाला. बाई काही बोलल्या नाहीत, पदराने डोळे टिपत राहिल्या. स्वच्छ रिपोर्टनंतर घरच्यांनी दुखण्यावरच अविश्वास दाखवावा, हे मला आजारापेक्षाही जाचक वाटते.

गोळ्या ठरवणे माझे काम नाही. त्याच दिवशी मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी झडपेचा दोष आणि आनुवंशिक जाडी नसल्याची खात्री करून रक्तदाबाचे औषध पुन्हा सुरू केले, कारण दाब दीर्घकाळ आटोक्यात राहिला तर ही जाडी काही अंशी उतरू शकते. बसल्या जागी दुखू लागले, घाम फुटला किंवा थांबूनही दुखणे शमले नाही, तर माझी भेट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हे मी मुलाकडून दोनदा वदवून घेतले.

पुढच्या भेटीला त्या रक्तदाबाच्या नोंदींची वही घेऊन आल्या. तीत रोजची नोंद मुलाच्या अक्षरात होती.