मुलीने शोधलेला अर्थ

प्रश्न : आम्ही वीस वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो. सतरा वर्षांच्या मुलीने महाविद्यालयीन प्रवेशासाठी लिहिलेला निबंध तिने मला वाचायला दिला. आयुष्याला मुळात काही अर्थ नसतो, तो आपल्या कृतीने निर्माण करायचा असतो, असे तिचे म्हणणे आहे. ‘आईच्या देवघरात मला तो सापडला नाही’ असेही एक वाक्य त्यात आहे. दर शनिवारी ती गावातील स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकात काम करते. गणपतीच्या आरतीला मात्र उभी राहत नाही. आमचे संस्कार कमी पडले का? ती मनाने खचली आहे का? ते वाक्य तिला काढायला सांगावे का?

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला विलंब चालत नाही. ‘आयुष्याला अर्थ नाही’ हे वाक्य विचारातून येते, तसे वेदनेतूनही येऊ शकते. तिची झोप किंवा भूक काही आठवड्यांपासून बदलली असेल, मैत्रिणी तुटल्या असतील, आवडीच्या गोष्टींत मन लागत नसेल, तर तत्त्वज्ञानाची चर्चा बाजूला ठेवा आणि जगणे नकोसे वाटते का, हे तिला स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार तिच्या मनात शिरेल, ही भीती बाळगू नका. तसे काही आढळल्यास लगेच डॉक्टरांना गाठा; अमेरिकेत २०२२ पासून आणि कॅनडात २०२३ पासून ९८८ हा क्रमांक अशा प्रसंगी दिवसरात्र मदत करतो. तुमच्या पत्रातून मला दिसणारी मुलगी मात्र सुट्टीच्या दिवशी अनोळखी रुग्णांसाठी घराबाहेर पडणारी आहे, आणि तिचा निबंध त्या कामातूनच उगवलेला दिसतो.

संस्कारांविषयी विचाराल, तर मला अधिक काळजी तुमच्या घरातील भाषेची वाटते. परदेशातील अनेक घरांत मराठी हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरते. ‘जेवलीस का’, ‘स्वेटर घाल’, ‘आजीला फोन कर’ एवढे मराठीत होते, आणि मृत्यू, श्रद्धा, शंका हे सारे मुले शाळेत इंग्रजीतून शिकतात. मुलीकडे तिची शंका सांगायला मराठी शब्द नाहीत आणि तुमच्याकडे तुमची श्रद्धा सांगायला इंग्रजी शब्द नाहीत. मग आरतीला उभे राहणे किंवा न राहणे हीच दोघींची भाषा होऊन बसते.

म्हणून तिला एक शब्द द्या : सार्थक. आपल्या आज्या ‘जन्माचे सार्थक झाले’ असे म्हणत आल्या आहेत, आणि जन्माचे सार्थक ‘करावे’ असेही आपण म्हणतो. अर्थ कृतीने निर्माण होतो हे तुमच्या मुलीचे म्हणणे त्या क्रियापदात आधीच आहे. तिने ते बहुधा सार्त्र आणि कामू या फ्रेंच विचारवंतांच्या वाटेने गाठले असेल. अमेरिकेतील पुष्कळ मुले या वयात त्यांच्यापाशी येतात, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

तिला गोपाळ गणेश आगरकरांविषयीही सांगा. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात १८५६ मध्ये, गरिबीत जन्मलेल्या या मुलाने शिकत असतानाच आईला पत्र लिहिले. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने धरू नये, आपण पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकी वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहोत, असा त्याचा आशय होता. पुढे ते ‘केसरी’चे पहिले संपादक झाले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला, आणि आपली अज्ञेयवादी, बुद्धिप्रामाण्यवादी मते त्यांनी कधी लपवली नाहीत. सनातनी विरोधकांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. ज्याला देवघरात उत्तर मिळाले नाही, अशा माणसालाही मराठी परंपरेत मानाची जागा आहे, हे परदेशात वाढणाऱ्या मुलीला कोणीतरी सांगायला हवे. नाही तर मराठी असणे म्हणजे आरतीला उभे राहणे, एवढाच तिचा समज होईल, आणि आरती सुटली की मराठीपणही सुटले असे तिला वाटेल.

यानंतर तुमची बाजू सांगा, पण उपदेश म्हणून नको. परक्या देशात पहिल्या हिवाळ्यात तुम्ही देवापुढे दिवा का लावलात, त्या वेळी मनात काय होते, हे तिला कदाचित कधी कोणी सांगितलेलेच नसेल. मराठी आणि इंग्रजी मिसळली तरी चालेल; वाक्य अडले तर अडू द्या.

ते वाक्य मात्र काढायला सांगू नका. अशा निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते, आणि एवढ्या थोड्या जागेत तिने त्याला स्थान दिले आहे. ते पुन्हा वाचा : अर्थ शोधताना तिने तुमच्या देवघरातही पाहिले होते. तिथे ती नेमके काय शोधत होती, हे तिला विचारा.