दमदाटी, दांडगाई की नुसती मस्ती?

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "माझ्या सातवीतल्या मुलाला वरच्या वर्गातली दोघं रोज सायकल स्टँडवर अडवतात, डब्यातलं हिसकावून घेतात आणि 'घरात सांगितलंस तर बघ' म्हणतात. तक्रारअर्जात मी 'दादागिरी' लिहिलं, तर शाळेत म्हणाले, पोरांची मस्ती आहे हो. नेमका शब्द कोणता? आणि पेपरात गुंडाचा 'दरारा' होता असं छापतात, ते बरोबर का?"

ताई, अर्जात 'दमदाटी' लिहा. डबा हिसकावून घेतात, ती 'दांडगाई'. 'दादागिरी' चूक नाही, पण त्या शब्दातून पोराचं वळण कळतं, घडलं काय ते कळत नाही. शिवाय आपल्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ, मानाचा माणूस. त्या मानाची झाक दादागिरीलाही लागते आणि त्या वयाच्या पोराला तीच हवी असते. दमदाटीत कसलाच मान नाही.

'मस्ती' या शब्दाला मात्र माझा ठाम विरोध आहे. कोल्हापुरात तो दोन अर्थांनी रोज कानावर पडतो. पोरं अंथरुणावर उड्या मारतात ती मस्ती, आणि "लई मस्ती आलीया त्येला, जिरवाय पायजे" यातली मस्ती म्हणजे माज. शाळेनं पहिला अर्थ धरला. पण त्या मस्तीत दोन्हीकडची पोरं हसत असतात, आणि आत्ता खाली पडलेला घटकेनं वर असतो. तुमचा मुलगा रोज खालीच आहे. शाळकरी मुलांमधल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात स्वीडन-नॉर्वेमध्ये मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी सुरू केला. असा छळ ओळखायच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या: तो जाणूनबुजून होतो, पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्हीकडचं बळ सारखं नसतं. तुमच्या दोन ओळींत तिन्ही खुणा आहेत.

बळाचा हा मुद्दा कोल्हापूरकराला तालमीतून चटकन पटेल. शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली उभ्या राहिलेल्या खासबाग कुस्ती मैदानात पैलवान शड्डू ठोकतो, तेव्हा तोही समोरच्याला बिचकवतच असतो. पुढे सलामी झडते, खडाखडी होते, एकमेकांचा अंदाज घेतला जातो. पण कुस्ती जोडतानाच वय, वजन, तयारी बघितलेली असते आणि सगळा कारभार हजारो डोळ्यांसमोर चालतो. शड्डूला शड्डूनं उत्तर देता येतं. दमदाटी करणारा आधी माणूस हेरतो, उत्तर देऊ शकणार नाही असाच. म्हणून "दोघांनी एकमेकांना दमदाटी केली" असं वाक्य वाचलं की मला खटकतं. तिथं बाचाबाची, हमरीतुमरी म्हणावं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात दोन पेठांचे समर्थक एकमेकांकडे रोखून बघतात, ती खुन्नस. तिच्यात ईर्षा असते, पण कुणी कुणाच्या तावडीत सापडलेलं नसतं.

अशा वेळी हमखास दिली जाणारी एक सबब आहे: "डोकं फिरलं हो त्याचं." मानसशास्त्रात आक्रमक वागण्याचे ढोबळमानानं दोन प्रकार मानतात. एक भडकून केलेलं, दुसरं काहीतरी पदरात पाडून घेण्यासाठी थंडपणे केलेलं. प्रत्यक्षात त्यांची सरमिसळ होते, तरी फरक कामाचा आहे. मराठीत पहिल्यासाठी डोक्यात राख घालणं, तिळपापड होणं, पित्त खवळणं असे किती तरी वाक्प्रचार आहेत. त्यातला एकही दमदाटीला चिकटत नाही. ज्याचं डोकं सायकल स्टँडवर रोज फिरतं आणि सर येताना दिसले की जागेवर येतं, त्याचं डोकं फिरलेलं नसतं. त्याला डबा हवा असतो आणि चार पोरांनी बघायला हवं असतं.

"असली पोरं आतून भित्री असतात" हेही आपण सहज म्हणून जातो. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या समजाला हरकत घेतली. स्वतःला कमी लेखणाऱ्यापेक्षा स्वतःबद्दल फुगीर कल्पना असलेला माणूस, त्या कल्पनेला धक्का बसला की, हिंसेकडे जास्त वळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या 'माज' आणि 'गुर्मी' या शब्दांत मला तेच निरीक्षण दिसतं.

आता "घरात सांगितलंस तर बघ" या वाक्याकडे नीट पाहा. ते अर्धंच आहे. 'तर' काय होईल ते सांगितलेलंच नाही. "परत दिसलास तर…", "तुला बघून घेतो", "कुणाच्या नादाला लागलायस ठावं हाय का?" मराठीतल्या धमक्या बऱ्याचदा अशाच अर्ध्यावर सोडलेल्या असतात. उरलेला अर्धा भाग ऐकणारा रात्री अंथरुणात स्वतःच भरतो, आणि विचारलं की बोलणारा मोकळा: मी कुठं काय म्हणालो? म्हणून अर्जात "धमकी दिली" एवढ्यावर थांबू नका. वाक्य जसंच्या तसं अवतरणात लिहा. कुठं, किती वाजता, सोबत कोण होतं, तेही लिहा.

कायद्याच्या मराठीत यासाठी 'फौजदारीपात्र धाकदपटशा' हा भारदस्त शब्द आहे. पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या कलम ५०३ मध्ये असलेला हा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये आहे. शरीराला, मालमत्तेला किंवा लौकिकाला इजा करू अशी धमकी घाबरवण्याच्या हेतूनं देणं, असा त्याचा गाभा. शाळेतल्या पोरांसाठी हा शब्द मी वापरणार नाही. तिथं मुलाला सावरायचं आहे आणि त्या दोघांनाही वेळीच आवरायचं आहे.

राहिला 'दरारा'. इथं क्रियापद बघावं. दरारा असतो, वचक असतो, जरब असते. दमदाटी मात्र करावी लागते, दहशत माजवावी लागते. 'जरब' हा शब्द घाव, प्रहार अशा अर्थाच्या अरबी शब्दावरून आला, पण मराठीत जरब असलेल्या बाईंना हात उगारावा लागत नाही, वर्गात नुसतं येऊन उभं राहिलं तरी पुरतं. दराऱ्यात भीती असते, तशी त्या माणसाच्या कामाची, शिस्तीची, अधिकाराची कबुलीही असते. हप्त्यासाठी दुकानं फोडणाऱ्याबद्दल बाजारपेठेला वाटते ती निव्वळ भीती. तिथं 'दरारा' छापला की बातमी त्याला त्यानं न कमावलेला मान देते. त्या जागी 'दहशत' हाच शब्द हवा, आणि "त्याची दहशत होती" यापेक्षा "त्यानं दहशत माजवली होती" असं लिहिलेलं बरं, म्हणजे कर्ता वाक्यातून निसटत नाही. तुमच्या अर्जातही तसंच करा. "मुलाला त्रास होतो" असं न लिहिता "अमुक वर्गातली ही दोन मुलं माझ्या मुलाला दमदाटी करतात" असं लिहा.