मित्रांबरोबर बाइकवर लांब जाताना

प्रश्न: कॉलेजचे आम्ही जुने मित्र बाइकवरून काही दिवसांचा प्रवास करत रॅलीला निघालोय. गाड्या वेगवेगळ्या, सराव कमी-जास्त. काय सांभाळावं?

उत्तर: ज्याची टाकी सर्वांत लहान, त्याच्या हिशेबाने पेट्रोलचे थांबे ठरवा. कमी सराव असलेल्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवा, शेवटी नको. मागे पडलेला माणूस इतरांना गाठायच्या नादात वेग वाढवतो, आणि मला सर्वांत धास्ती त्याचीच वाटते. सरळ रस्त्यावर एकाआड एक डावी-उजवी बाजू धरा, समोरच्यापासून किमान 2 सेकंदांचं अंतर राखा. वळणांवर मात्र एकामागोमाग एक. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. चेनला मुक्कामी पोचल्यावर, ती कोमट असतानाच वंगण द्या, म्हणजे ते आतपर्यंत मुरतं. अंधाराआधी मुक्काम गाठा, रॅलीचा पहिला कार्यक्रम हुकला तरी चालेल.