आकडे म्हणतात बंद कर, मन म्हणतं थांब

हार्डवेअरचा व्यवसाय सतरा वर्षं सांभाळणाऱ्या एक बाई समुपदेशनाला आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलाने नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. पितळी बिजागऱ्यांची विक्री एकूण विक्रीच्या जेमतेम ४ टक्के आणि माल मात्र पाच-पाच महिने गोडाऊनमध्ये पडून, असा त्याचा रिपोर्ट. "आई, हा माल बंद कर," असं मुलाचं म्हणणं. बाईंचं मन तयार होईना. "मी हळवी झालेय, की मला खरंच काही कळतंय?" हा प्रश्न त्यांची झोप उडवत होता. धंदा करणाऱ्या कितीतरी जणांना तो पडतो.

आधी पाहायचं ते हे की मनात आहे तो अंदाज आहे की धास्ती. धास्तीला कारण विचारलं तर ती 'काहीतरी वाईट होईल' याच्या पुढे जात नाही. अनुभवातून आलेल्या अंदाजाला विचारलं की प्रसंग आठवतात. म्हणून बाईंना "कशावरून?" याचं उत्तर कागदावर लिहायला सांगितलं, गिऱ्हाईक आणि साधारण महिना धरून. त्यांनी पाच प्रसंग लिहिले. बिजागऱ्या न्यायला आलेला सुतार त्याच बिलात स्क्रू, कड्या, हँडलं घेऊन जातो, हे त्यांनी काउंटरवर उभं राहून पाहिलं होतं. पण पाचांतले तीन प्रसंग एकाच सुताराचे निघाले. जे ठळक आठवतं ते नेहमीच घडतं असं वाटू लागतं, आणि चांगले चांगले अंदाज इथेच फसतात.

रिपोर्टही पुरा नव्हता. त्यात मालागणिक बेरीज होती, गिऱ्हाईक कुठेच नव्हतं. अशा अपुऱ्या आकड्यांवर मोठ्या कंपन्याही फसतात. १९८५ मध्ये कोका-कोलाने चव बदलली ती जवळपास २ लाख लोकांच्या चव-चाचण्यांच्या जोरावर. जुनं पेय मिळेनासं झालं तर लोकांना काय वाटेल, हे घोटभर चाखून कळणारं नव्हतं. ७९ दिवसांत जुनं पेय परत आणावं लागलं.

मग बाईंनी अंदाज पडताळता येईल असा लिहिला: 'बिजागरीच्या दर १० बिलांपैकी निदान ६ बिलांत दुसरा माल असतो.' हा आकडा बिलं उघडण्याआधी लिहायचा. नाहीतर मन नंतर म्हणतं, मला तर हेच वाटत होतं. वर्षभराची बिलं चाळली, तर दहांत ७ निघाली. मुलाने मात्र रास्त शंका काढली: बिजागरी नसती तरी बाकीचा माल त्यांनी नेलाच असता तर?

याचं उत्तर जुन्या बिलांत मिळत नाही, त्यासाठी करूनच पाहावं लागतं. एका शाखेत ८ आठवडे बिजागऱ्या बंद, दुसरीत चालू. लक्ष ठेवायचं ते त्याच सुतारांच्या एकूण खरेदीवर. दुसऱ्या शाखेच्या मानाने ती १० टक्क्यांहून जास्त घटली तर माल ठेवायचा, हे आधीच ठरवून दोघांनी सही केली. शाखा एकमेकींपासून लांब होत्या हे बरं. जवळ असत्या तर गिऱ्हाईक इकडचं तिकडे गेलं असतं आणि प्रयोग वाया गेला असता. शेवटी बिजागऱ्यांच्या अकरा मापांपैकी तीनच मापांसाठी सुतार दुसरीकडे वळतात असं दिसलं. ती तीन ठेवली, बाकीची काढली.

बाईंच्या मनात ऑनलाइन विक्रीचंही होतं. "चालेल असं आतून वाटतंय," त्या म्हणाल्या. इथे थांबवावं लागलं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन यांची अंतःप्रेरणेबद्दलची मतं एरवी परस्परविरोधी, पण २००९ च्या लेखात दोघांनी मिळून सांगितलं की तिच्यावर भरवसा ठेवायला दोन गोष्टी लागतात: परिस्थितीत काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर की चूक हे पुन्हा पुन्हा कळत राहायला हवं. काउंटरवर बाईंना हे सतरा वर्षं मिळालं होतं. ऑनलाइनचा अनुभव शून्य.

तिथे क्लाइन यांचीच एक पद्धत उपयोगी पडते. वर्षभराने हा उपक्रम बुडाला असं धरून चालायचं आणि तो का बुडाला हे प्रत्येकाने वेगवेगळं, न बोलता, दहा मिनिटं लिहायचं. आई आणि मुलगा, दोघांच्याही कागदावर पहिलं कारण एकच होतं: परत येणारा माल. त्याचा खर्च दोघांच्या हिशेबात कुठेच धरलेला नव्हता.