'ब्रायटन रॉक' (१९४७) या जुन्या ब्रिटिश चित्रपटाचा शेवट गुळमट केला आहे असं वाचलं. तरीही पाहावा का?

जरूर पाहा. फक्त 'खून कोणी केला' हे कोडं सोडवायला बसू नका. खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं. तो सुटणार की सापडणार, एवढीच धाकधूक.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ब्रायटन म्हणजे लंडनकरांचं सुट्टीचं गाव. पडद्यावर आधी खुलासा येतो की शहर आता हसतंखेळतं आहे आणि ही गोष्ट दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या, गुंडांच्या ब्रायटनची आहे. शहराची समजूत काढायला लावलेली पाटी वाटते. फ्रेड हेलचा पाठलाग हा माझ्या मते चित्रपटातला सगळ्यात सरस भाग. हेल एका वर्तमानपत्राच्या बक्षीस योजनेसाठी गावभर कार्डं ठेवत फिरतोय. लोकांनी त्याला हुडकायचं, अशी योजना. टोळी जिवावर उठलेली आणि हा आज कुठल्या गावात आहे ते पेपरातच छापलेलं! भर दिवसा, सुट्टीच्या गर्दीतून माणूस पळत राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शेवटी समुद्रात शिरलेल्या धक्क्यावरच्या भुताच्या गाडीत (अंधारातून भुतं दाखवत नेणारी जत्रेतली गाडी) त्याचा खेळ संपतो.

टोळीचा सतरा वर्षांचा म्होरक्या पिंकी म्हणजे रिचर्ड अ‍ॅटनबरो. हो, तेच, 'गांधी'चे दिग्दर्शक आणि 'शतरंज के खिलाडी'मधले जनरल ऊट्रम. इथे ते ओळखू येत नाहीत. बोटांत दोरी गुंफत बसलेला हा पोरगा आरडाओरडा करणाऱ्या खलनायकांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो. त्याच्या मागे लागणारी आयडा (हर्मायनी बॅडली) ही किनाऱ्यावरच्या तमाशात गाणारी, मोठमोठ्याने हसणारी बाई. हेलची आणि तिची ओळख जेमतेम एका दिवसाची, पण त्याचा मृत्यू नैसर्गिक होता हे तिला पटत नाही. ती कधीकधी जरा भडक होते, पण चालवून घ्या.

आता शेवट. पुढचं चित्रपट पाहूनच वाचलंत तर बरं.

कॅफेत काम करणाऱ्या रोझला टोळीचं बिंग फोडणारी एक गोष्ट ठाऊक असते. बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, म्हणून पिंकी तिच्याशी लग्न करतो. तिच्या हट्टापायी रेकॉर्डवर आवाज भरून देतो, पण त्यात निव्वळ द्वेष ओकतो. ग्रॅहम ग्रीनच्या १९३८च्या कादंबरीत ती रेकॉर्ड ऐकायला निघते आणि पुस्तक संपतं. चित्रपटात तो 'तुला ऐकायचंय की माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं म्हणून मग द्वेष ओकतो, आणि सुई नेमकी 'तुझ्यावर प्रेम आहे' या शब्दांवर अडकते. पटकथा खुद्द ग्रीन आणि टेरेन्स रॅटिगन यांची आहे.

याला गुळमट म्हणणं मला पटत नाही. पुढचे शब्द आपण आधीच ऐकलेले असतात. कुणी सुई जरा पुढे सरकवली की संपलं, आणि ती मात्र हरखून ऐकतेय. कादंबरीतला घाव सरळ बसतो, हा उशिरा बसतो. खटकलाच तर मला क्रुसावर जाणारा कॅमेरा खटकला. तेवढं नसतं तरी चाललं असतं.

२०१०च्या नव्या आवृत्तीत कथा १९६४मध्ये नेली आहे, पण अडकणारी सुई तशीच ठेवली आहे. जुना चित्रपट आधी पाहा. दीड तासाचा आहे, आणि सबटायटल्स लावा, गुंडांची बोली झरझर निसटते.