‘मला ठाऊक आहे’ असं म्हणता येत नाही तेव्हा

‘घरी सांगू की नको?’

अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला माझी समुपदेशनाची खोली आहे. आपली श्रद्धा डळमळल्याचं घरी सांगावं का, हा प्रश्न तिथे जितक्यांदा ऐकला तितक्यांदा दुसरा कुठलाच ऐकला नाही. विचारणारा बहुधा मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथातला, तिशी-पस्तिशीतला असतो. ऐन तारुण्यातली दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचारात घालवलेला, कमाईचा दहावा हिस्सा न चुकता चर्चला देणारा, धर्माला वर्ज्य म्हणून जन्मात कॉफीचा घोट न घेतलेला. आणि मग एका रात्री मुलं झोपल्यावर काहीतरी वाचत बसलेला.

इथे नव्याने आलेली आपली मराठी मंडळी मला म्हणतात, “नसेल पटत तर नका जाऊ म्हणावं चर्चमध्ये. त्यात रडायचं काय?” सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. पण युटामध्ये राहिल्यावर कळतं की मॉर्मन असणं हे रविवारपुरतं नसतं. (2018 पासून चर्चने ‘मॉर्मन’ न म्हणता ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नाव वापरायला सांगितलंय. वाचकांच्या सोयीसाठी मी जुनंच वापरते.) चर्चचा स्थानिक गट, ज्याला ‘वॉर्ड’ म्हणतात, तो तुमच्याच गल्ल्यांचा बनलेला असतो. बाळंतपणात डबे तिथून येतात, घर बदलताना सोफा उचलायला माणसं तिथलीच येतात. वॉर्डचा प्रमुख बिशप म्हणजे पगार न घेणारा शेजारीच, कधी दातांचा डॉक्टर, कधी विमा एजंट. श्रद्धा गेली तर यातलं काय काय जाईल, हा त्या प्रश्नाच्या पोटातला खरा प्रश्न.

ईथन आणि मेगन ही नावं खरी नाहीत. चार-पाच जोडप्यांना एकत्र करून मी ती घडवली आहेत.

ईथन पहिल्या दिवशी फाइल घेऊन आला. जाडजूड, रंगीत चिकटपट्ट्या लावलेली. “हे वाचा आणि मी वेडा झालोय का सांगा.” गंमत अशी की त्यातले निम्मे कागद चर्चच्याच संकेतस्थळावरचे होते. 2013 पासून चर्चने आपल्या इतिहासातल्या अवघड भागांवर निबंध प्रसिद्ध केले. त्यांनुसार संस्थापक जोसेफ स्मिथने ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा सोन्याच्या पत्र्यांवरचा ग्रंथ भाषांतरित केला तो बऱ्याचदा टोपीत एक दगड ठेवून, त्यात चेहरा खुपसून. 2015 मध्ये त्या दगडाचे फोटोही छापले. त्याच्या बायका अंदाजे 30 ते 40, त्यातली एक पंधराचीही नव्हती. कृष्णवर्णीय पुरुषांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 1978 पर्यंत पौरोहित्याचा अधिकार नव्हता. ईथन लहानपणी ज्या चित्रांपुढे बसून शिकला त्यात दगड नव्हता, टोपी नव्हती.

“एकेक शंका शेल्फवर ठेवत गेलो,” तो म्हणाला. “नंतर बघू म्हणून. मार्चमध्ये शेल्फच कोसळलं.”

हा शब्दप्रयोग इथे सगळेच वापरतात. 2013 मध्येच चर्चच्या सर्वसाधारण परिषदेत डीटर उख्तडॉर्फ या ज्येष्ठ धर्मनेत्याने ‘आधी आपल्या शंकांवर शंका घ्या’ असा सल्ला दिला होता. माझ्यापर्यंत जे पोचतात त्यांचं ते वर्षभर करून झालेलं असतं.

इथे कबुली देते. मी पुण्यात शिकले, विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या मुशीत. पहिल्या दोन भेटींत मी मनातल्या मनात ईथनला बाहेरचा दरवाजा दाखवून मोकळी झाले होते. हुशार मुलगा, पुरावे वाचलेत, आता धीर तेवढा द्यायचा. तो मात्र दर भेटीला येऊन विचारायचा, “पण मला जायचंय असं कोण म्हणालं?” मी ऐकत नव्हते. ज्याला शंका आली त्याला निघायचंच असतं, हे माझंच गृहीतक होतं. आणि त्यात ‘च’ होता.

‘च’ शोधणं हा माझ्या कामाचा अर्धा भाग. ‘पास झालोच पाहिजे’, ‘तिने समजून घेतलंच पाहिजे’ यांतलं ते एक अक्षर माणसाला खातं. आधी माझा सापडला. त्याचा सापडायला महिन्याचा पहिला रविवार यावा लागला. त्या दिवशी हे लोक उपास करतात आणि सभेत ज्याला वाटेल तो उठून आपली साक्ष सांगतो. पाच वर्षांची पोरंही माइकपाशी जातात, मागे उभी आई कानात शब्द सांगते: मला ठाऊक आहे की हे चर्च खरं आहे.

“ठाऊक आहे?” मी विचारलं. “वाटतं नाही? मानतो नाही?”

“नाही. ठाऊक आहे. तोच शब्द.” तो थांबला. “मी उभा राहिलो तर खोटं बोलतो. नाही राहिलो तर सासू बघते.”

“शब्द बदलून उभे राहिलात तर?”

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग बोटांवर मोजत एकेक वाक्य जुळवायला लागला. देव आहे अशी मला आशा आहे. ही माणसं मला आवडतात. ख्रिस्ताने सांगितलं तसं जगायला मला आवडेल. जोसेफ स्मिथबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, आज तरी. चौथ्या वाक्यावर त्याला हसू आलं. “एवढं उरलंय होय! मला वाटलं, काहीच नाही.”

मराठीत ज्याला आपण ‘च’ म्हणतो तो त्यांच्या साक्षीत क्रियापदात दडलेला असतो, हे मला त्या दिवशी दिसलं. इतकी वर्षं तो शब्द कानांवर पडत होता. इंग्रजीत विचार करत बसले असते तर आजही दिसला नसता, असं मला आपलं वाटतं. ज्याला ‘ठाऊक असणं’ हीच श्रद्धेची एकमेव पायरी शिकवली गेली, त्याचा पाय तिथून घसरला की तो थेट तळाशी जातो. मधल्या पायऱ्या त्याला कुणी दाखवलेल्याच नसतात. आपल्याकडे तुकोबा विठ्ठलाशी कडाकडा भांडले, त्याला वाट्टेल ते बोलले, तरी त्यांना कुणी वारीतून काढलं नाही.

सहाव्या भेटीला मेगन आली. आली म्हणजे कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली. ईथनने फाइल उघडली. चार महिने घरात हेच चाललं होतं: तो कागद दाखवायचा, ती दुसरे कागद शोधून आणायची. मी फाइल मिटायला सांगितली आणि मेगनला विचारलं, “तो हे सगळं सांगतो तेव्हा तुम्हाला काय ऐकू येतं?”

“की मेल्यानंतर त्याला मी नकोय.”

ईथनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. या दोघांचं लग्न टेंपलमध्ये झालेलं. त्याला ‘सीलिंग’ म्हणतात: मरेपर्यंतची गाठ नव्हे, अनंतकाळची, मुलाबाळांसकट. स्वर्गात आपल्या घरची एकही खुर्ची रिकामी राहू नये, असं ही माणसं लहानपणापासून ऐकतात. तो टोपीतल्या दगडाबद्दल बोलत होता, ती रिकाम्या खुर्चीकडे बघत होती.

“मी तर तुलाच घाबरत होतो,” तो म्हणाला. “वाटलं, तू जाशील.”

“मी? कुठे जाणार मी?”

“तुझी आई सांगेल तिथे.”

ती खळखळून हसली आणि हसता हसता रडली. मग तिने कोट काढला. त्या कोटाकडे बघून मला कळलं की काम झालं. पुढच्या भेटी हिशेबाच्या होत्या.

म्हणून आता ‘घरी सांगू का’ विचारणाऱ्याला मी सांगते: सांगा, पण पुरावे घेऊन जाऊ नका. आधी आपली भीती सांगा. मग काय बदलत नाहीये ते सांगा. इतिहास सगळ्यात शेवटी, आणि समोरच्याने विचारला तरच. रात्री अकरानंतर हा विषय काढू नका. तुम्ही वर्षभर एकट्याने वाचलंय, तिला एका संध्याकाळीत तिथवर ओढू नका. श्रद्धा टिकलेला जोडीदार अडाणी नसतो आणि शंका घेणारा पापी नसतो, हे दोघांनी एकदा मोठ्याने म्हणून घ्यावं. दशांशाचे पैसे, रविवारची वेळ, घरात कॉफी येणार की नाही, हे भांडणाच्या ओघात नव्हे, कॅलेंडर समोर ठेवून ठरवावं. मुलांना पंच करू नये.

आणि सत्य बोलायची घाई झालेल्या विद्यार्थ्यांना एक रोखठोक सूचना. चर्चच्या ब्रिगम यंग विद्यापीठात शिकत राहायला धर्माधिकाऱ्याची मान्यता लागते. पदवी हातात यायला एक सत्र उरलं असेल तर मन आधी समुपदेशकाकडे मोकळं करा. याला कुणी ढोंग म्हणेल. मी म्हणत नाही.

ईथन-मेगनची मुलगी आठ वर्षांची होणार होती. आठव्या वर्षी बाप्तिस्मा, आणि तो शक्यतो बापाने द्यायचा. बिशप भला माणूस. म्हणाला, तुझी तयारी असेल तर माझी हरकत नाही. पण पाण्यात उभं राहून ‘येशू ख्रिस्ताने मला अधिकार दिला आहे’ असं म्हणावं लागतं. ईथनला ते वाक्य जमेना. ‘आशा आहे’ला तिथे जागा नव्हती.

मला माझी आजी आठवली. वडिलांनी पूजा सोडली तेव्हा ती म्हणाली होती, “हात नको जोडूस, पण सकाळी फुलं तेवढी काढून देत जा.” वडील मरेपर्यंत परडी भरून देत राहिले. हे मी ईथनला सांगितलं नाही. माझ्या आजीचं उत्तर त्याच्या गळ्यात मारणं बरं नव्हतं. एवढंच विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला कुठे उभं राहायला आवडेल?”

बाप्तिस्मा आजोबांनी दिला. मुलगी पांढऱ्या कपड्यांत, डोकं पूर्ण पाण्याखाली. पहिल्यांदा पायाचा अंगठा वर राहिला म्हणून पुन्हा बुडवावं लागलं. हौदाच्या पायऱ्यांवर ईथन मोठा टॉवेल पसरून उभा होता. ती वर आली तेव्हा दात वाजत होते. बाबांच्या कोरड्या शर्टाला बिलगून तिने तो पार भिजवून टाकला, असं मेगनने मला पुढच्या मंगळवारी सांगितलं. कोट आल्या आल्याच काढला होता तिने.