सुरुवात शब्दांपासून कर

साताऱ्याच्या छत्रपतींविषयीची ईस्ट इंडिया कंपनीची कागदपत्रं वाचायला घेतलीस, फार बरं वाटलं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नकोस. पहिल्या महिन्यात पाच-सहा शब्द पक्के केलेस तरी पुष्कळ झालं.

- रेसिडेंट म्हणजे रहिवासी नव्हे. दरबारी बसवलेला कंपनीचा माणूस. कंपनीशी झालेल्या १८१९ च्या तहानंतर साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना बाहेर परस्पर पत्रव्यवहार करायची मोकळीक नव्हती, हे लक्षात ठेवून वाच.
- इंट्रीग म्हणजे कारस्थान. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं. हा शब्द आरोप करणाऱ्याचा आहे. वहीत 'कारस्थान केले' असं उतरवू नकोस, 'केल्याचा आरोप' असं लिही. नवशिके इथंच हमखास घसरतात, मीही घसरलो होतो.
- लॅप्स. विम्याची पॉलिसी लॅप्स होते ना, तसंच: हक्क आपोआप संपला, असं सुचवणारा शब्द. प्रत्यक्षात १८४८ मध्ये शहाजी महाराजांनी (प्रतापसिंहांच्या जागी बसवलेले त्यांचे भाऊ) घेतलेलं दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नाकारलं आणि राज्य खालसा केलं. संपलं नाही, संपवलं.

दुसरी चूक उलट्या टोकाची. इंग्रज खोटे म्हणून आपल्या बखरी डोळे झाकून खऱ्या मानायच्या. बखरकारालाही धनी होता. छत्रपतींबद्दलचा आदर मनात असू दे, पण कागद कुणी, कुणासाठी, कधी लिहिला हे प्रत्येक वेळी विचार.

मोडीचं आत्ता डोक्यात घेऊ नकोस. आधी एकच तह घे, रोज एक कलम वाच आणि अडलेले शब्द मला पाठव.